छपरावरची पोती

चहात वाळू पडली. चिमूटभरच. पण कप तोंडाशी नेलेला होता, त्यामुळे ती आधी माझ्या कपाळावर पडली, तिथून नाकावरून घसरली आणि मग चहात गेली. मी वर बघितलं. पत्र्याला जिथे खिळा मारलाय तिथल्या भोकातून आणखी एक बारीक धार निघाली, थांबली, पुन्हा निघाली. इव्होन, माझी मुलगी, शेजारी चटईवर बाळाला पाजत बसली होती. ती म्हणाली, "आई, उंदीर असेल." मी म्हटलं, "उंदीर वाळू कशाला आणेल गं, त्याला काय घर बांधायचंय?" ती हसली, मीही हसले, पण वाळू कुठून येते ते मला ठाऊक होतं. छपरावरची पोती फुटायला लागली होती. आणि शाळेच्या खांबावर सकाळपासून पिवळं निशाण लागलेलं होतं. पिवळं म्हणजे उद्या या वेळेपर्यंत वादळाचा वारा आमच्या बेइरा शहरात पोचणार. मी चहा ओतून दिला नाही. वाळू तळाशी बसू दिली आणि वरचा वरचा पिऊन टाकला, साखर काय फुकट येते?

ती पोती अन्सेल्मोची. अन्सेल्मो म्हणजे माझा नवरा, रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचा. मागे ते मोठं वादळ आलं, ज्याचं नावसुद्धा आमच्या मुन्हावा वस्तीत कुणी घेत नाही, तेव्हा आमचं छप्पर अख्खं गेलं. आम्ही तिघं भिंतीच्या कोपऱ्यात मोरीतला टब डोक्यावर धरून बसलो होतो, आणि इव्होन, तेव्हा शाळेत जायची, मोठमोठ्याने पाढे म्हणत होती, का ते तिलाही आजवर सांगता आलेलं नाही. पाणी उतरल्यावर अन्सेल्मो भातखाचरांत गेला आणि आमचे पत्रे शोधून शोधून डोक्यावरून घेऊन आला. आपले पत्रे कसे ओळखलेस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "बायको ओळखतो, पत्रे नाही ओळखणार?" हातोडीने ठोकून ठोकून सरळ केले त्याने ते. त्या ठोक्यांच्या खुणा अजून आहेत, त्यामुळे पाऊस आमच्या छपरावर वेगळा वाजतो, जरा बोबडा. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो वर चढून वाळूची पोती ठेवायचा. मधे नाही, कडेला, वळचणीच्या वर. वारा चोरासारखा कडेनेच आत घुसतो म्हणायचा. समुद्राची वाळू घ्यायचा नाही, खारट वाळू पत्रा खाते. नदीची वाळू आणायचा, दोन दोन पोती तारेने जोडून छपराच्या दोन्ही उतारांवर टाकायचा, आणि खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहायचा. मी म्हणायचे, लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं असतंस तर. तो एकदा यार्डातून घरी आला तो इतर चौघांच्या खांद्यावरूनच आला. डबा जोडता जोडता खाली बसला म्हणे, आणि उठलाच नाही. त्याला आता चौथा पावसाळा.

आणि या तीन वर्षांत जेव्हा जेव्हा वारा सुटला तेव्हा तेव्हा मी या खोलीत याच जागी बसून त्याला म्हटलंय, अन्सेल्मो, उपकार झाले रे. मोठ्याने म्हटलंय. गेल्या वर्षी समोरच्या फेलिझार्दोचे पत्रे वहीची पानं उडावीत तसे उडाले आणि माझा एकही हलला नाही, तेव्हा तर मी गुडघे टेकून म्हटलं. माणूस गेला, पण त्याने ठेवलेलं वजन अजून डोक्यावर आहे, या विचाराने मला झोप यायची. खरं सांगायचं तर बेइरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की इथलं ऊन प्लास्टिकचं पोतं एका मोसमात खाऊन टाकतं, हाताला लागलं की चुरा होतो. म्हणून तर अख्खी गल्ली दर वर्षी पोती बदलते. मलाही ते माहीत होतंच की. पण माहीत असलेली गोष्ट मनात घ्यायची की नाही ते आपल्या हातात असतं. वर चढून बघावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. बाजारात सुकी कोळंबी विकताना शेजारणी म्हणायच्या, "झुल्मिरा, पोती बदललीस का?" मी म्हणायचे, "आमची आहेत अजून चांगली." त्या एकमेकींकडे बघायच्या. मला वाटायचं जळतात.

इव्होनला म्हटलं, सामान बांधायला घे. ती बाळंतपणाला आलेली, तिचा नवरा तिकडे लांब तेते शहरात, कोळशाच्या खाणीत, आणि बाळ अजून मान धरत नव्हतं. आम्ही पिवळी प्लास्टिकची पिंपं पाण्याने भरली, झाकणं घट्ट लावली. जन्माचे दाखले, लग्नाचा कागद, माझं ओळखपत्र पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ. कोळसा एका कोरड्या पिंपात. काडेपेटी तांदळात. कसावा उकडून ठेवला, शेंगदाणे भाजून ठेवले, कोळंबीची टोपली आढ्याला टांगली. रेडिओच्या बॅटऱ्या चावून बघितल्या, अजून दम होता. बाळाचे कपडे मी माझ्याच पोटाला बांधायचे ठरवले, कारण हातातली पिशवी सुटते, पोट सुटत नाही. हात आपोआप चालत होते. त्या मोठ्या वादळाने आम्हाला एवढं तरी शिकवलंच आहे. पण मधून मधून वरून वाळू पडायची, कधी पिंपाच्या झाकणावर, कधी इव्होनच्या केसांत, आणि माझे हात थांबायचे. छप्पर राहिलं तर घर राहील. पत्रे गेले की उरतात त्या चार भिंती, आणि चार भिंतींवर आपला हक्क सांगायला अन्सेल्मोच्या माणसांना फार वेळ लागणार नव्हता. मग हे पोर घेऊन आम्ही दोघी जाणार कुठे?

त्यांनी एकदा सांगून बघितलंच होतं. तेराव्याच्या जेवणाला म्हणा हवं तर, आमच्यात त्याला वेगळं नाव आहे, त्याची थोरली बहीण रोझारिया माझ्याच अंगणात, माझ्याच हातचा मक्याच्या पिठाचा शिमा खाऊन, बोटं चाटत म्हणाली होती, "घर काय, मातीचं. पत्रे आमच्या भावाच्या पैशाचे." कुणी तिला अडवलं नाही. तिच्या शेजारी जानुआरियो बसला होता, अन्सेल्मोचा धाकटा भाऊ. तोही गप्प. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामात हमाली करतो, खांदे दरवाजाएवढे, आणि बोलायचं म्हटलं की जिभेला लकवा. त्याचं ते गप्प बसणं मी मनात धरून ठेवलं. त्याच बैठकीत दुसरीही गोष्ट निघाली. आमच्या सेना जमातीत जुनी रीत आहे, भाऊ गेला की भावाने वहिनीला आपल्याकडे घ्यायचं. म्हातारी मंडळी त्याला म्हणाली, तू काय म्हणतोस? मी बोरूच्या कुडामागे उभी होते, हातात ताटली, ताटलीत काय होतं ते आठवत नाही. मग तो म्हणाला, "माझ्या घरी बायको आहे. आणि वहिनीला विचारलं का कुणी?" एवढंच. मला हायसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी राग आला, हेही सांगून टाकते. नको म्हणाला ना शेवटी! बाईचं मन कसलं असतं बघा, नको असलेला माणूस नको म्हणाला तरी लागतंच. त्या दिवसापासून जानुआरियो माझ्या फाटकाच्या आत आला नाही. रस्त्यात दिसला की टोपी काढायचा, मी दुसरीकडे बघायचे.

आणि गेल्या वर्षी बाजारातून आले तर पर्पेतुआमावशी, आमच्या शेजारच्या, दारातच उभ्या. मावशींना दात नाहीत पण बातम्या बऱ्याच. म्हणाल्या, "अगं, तो जानुआरियो तुझ्या छपरावर होता सकाळी." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पत्रे मोजायला आला असणार, रोझारियाने पाठवला असणार! मी मावशींपुढे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मावशी माना डोलवत राहिल्या, आणि मी कुंपणावर काटेरी फांद्या आणून टाकल्या. त्यानंतरच तो जोराचा वारा आला आणि फेलिझार्दोचं छप्पर गेलं. मी गुडघे टेकले. अन्सेल्मो, उपकार झाले.

दुपारी कर्णेवाला पोरगा सायकलवरून ओरडत गेला, "लाल निशाण लागलं हो! शाळेत चला! वारा लवकर येतोय!" आभाळ तोपर्यंत कळकट पिवळं झालं होतं आणि एक पान हलत नव्हतं. इव्होन बाळाला पाठीवर बांधायला लागली. मी म्हटलं, "जरा थांब," आणि फेलिझार्दोची शिडी ओढत आणली. "आई, डोकं फिरलंय का तुझं? आजी झालीस तू!" "आजीचं घर आहे ना, मग आजीच चढणार." लुगडं खोचलं नि चढले. खाली गल्ली जमायला लागली. कुणीतरी म्हणालं, झुल्मिरा, वरून समुद्र दिसतो का बघ, कुणीतरी म्हणालं, सांभाळून, पत्रे वाकतील. पत्रे तापलेले होते. मी गुडघ्यांवर, हातांवर, कडेकडेने पुढे गेले, आणि पहिल्याच पोत्याला हात लावला तर ते हातातच आलं, म्हणजे त्याचा चुरा हातात आला आणि वाळू माझ्या मांडीवर. दुसरंही तसंच. तिसरं जरा शाबूत होतं, ते मी उलटं केलं. खालच्या बाजूला, पत्र्याकडे तोंड करून, लाल कोंबडा छापलेला होता.

मी कितीतरी वेळ त्या कोंबड्याकडे बघत बसले. लाल तुरा, फिकट झालेला, पण कोंबडाच, जानुआरियोच्या गोदामातल्या खाद्याच्या पोत्यांवर असतो तो. अन्सेल्मोची पोती तांदळाची असायची, निळ्या अक्षरांची, मीच तर द्यायचे त्याला रिकामी करून. मी पुढचं उलटलं, कोंबडा. कडेच्या तारेखाली जुन्या पोत्यांच्या चिंध्या अडकून राहिल्या होत्या, त्यातली एक जास्त विटकी, एक कमी विटकी, दोन्हींवर त्या तुऱ्याचा लाल डाग. आणि सगळ्यांत खाली, खिळ्याला चिकटलेला, नखाएवढा निळा तुकडा. तो माझ्या नवऱ्याचा. तेवढाच उरला होता. वर ऊन भाजत होतं, खाली लोक हसत होते आणि मला काही ऐकू येईना. दर वर्षी. दर वर्षी कुणीतरी इथे चढलं होतं, चुरा झाडून नदीची वाळू भरून नवी पोती कडेला लावली होती, मधे नाही, बरोब्बर कडेला, आणि छापील बाजू खाली घातली होती, म्हणजे गल्लीतून कुणाला कोंबडा दिसायला नको. आणि या वर्षी का नाही? या वर्षी मी बाजारात गेलेच नव्हते. इव्होन बाळंत झाल्यापासून कोळंबी दारातच विकत होते. मी घरात होते, म्हणून त्याला येता आलं नव्हतं. वादळ डोक्यावर आलं तरी.

कारण आमच्या गल्लीत विधवा घरात असताना जो पुरुष तिच्या छपरावर चढला तो त्या घरचा झाला. मग त्या बाईने कितीही आणाभाका घेतल्या तरी कुणी ऐकत नाही. त्याने बैठकीत नाही म्हटलं होतं, आणि ते नाही राखायला तो तीन वर्षं चोरासारखा माझं छप्पर सांभाळत होता. माझं नाव राखायला. रोझारियापुढे गप्प बसला होता तो, कारण बोलून काही होणार नाही हे त्याला माहीत होतं, बोलणं त्याला येतच नव्हतं. त्याला पोतं उचलता येत होतं. मला तिथेच, गुडघ्यांवर, रडू फुटलं. मोठ्याने. खालून इव्होन ओरडली, "आई! लागलं का?" मी म्हटलं, "नाही गं, पत्रा तापलाय."

"पर्पेतुआमावशी!" मी वरूनच हाक मारली. "तो जानुआरियो पोती बदलून जायचा, तुम्ही बघायचात ना? मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की!" मावशी खालून तितक्याच जोरात. "छपरावर होता म्हणून सांगितलं. पुढचं तू विचारलंस? तू लागलीस शिव्या द्यायला. मीही म्हटलं, चांगल्या देतेय, ऐकू या."

गल्ली हसली. मी डोळे पुसले. "आता कुठे असेल तो?"

"असायचा कुठे? मोटरसायकलवाल्यांच्या थांब्यावर उभा आहे सकाळपासून. हातगाडी घेऊन. तू कधी एकदाची शाळेत जातेस याची वाट बघतोय बिचारा. मी म्हटलं, झुल्मिरा सगळ्यात शेवटी निघते, तुला वारा गाठेल. तर म्हणतो, बघू."

छपरावरून थांबा दिसतो. मी उभी राहिले, पत्र्यावर पाय फाकून, आणि बघितलं. दोन मोटरसायकली, बंद टपरी, आणि तिच्या आडोशाला हातगाडी, गाडीत भरलेली पोती, आणि गाडीच्या दांड्याला टेकून तो. टोपी हातात. आमच्या घराकडे बघत नव्हता, मुद्दाम दुसरीकडे बघत होता, तो रस्त्यात दिसला की मी बघायचे तसा. समुद्राच्या बाजूने पहिला वारा आला, छोटासाच, माझ्या पायाखालचा एक पत्रा उचलला गेला आणि परत टेकला. मी इतकी वर्षं अन्सेल्मोचे आभार मानले होते, पत्ता चुकला होता. ते परत घ्यावेत का? नको, असू देत त्याचे त्याला. भाऊ त्याचाच ना.

"भाऊजी!" मी ओरडले. गल्लीने वर बघितलं. जानुआरियोने बघितलं नाही, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी. तीन वर्षांत त्याला मी कसलीच हाक मारली नव्हती. "अहो भाऊजी! गाडी आणा इकडे! लवकर आणा, वारा सुटलाय!"

तो आला. फाटकापाशी आला आणि थांबला. काटेरी फांद्यांकडे बघत, गाडी धरून, घामाने निथळत. "वहिनी, तुम्ही शाळेत जा," तो म्हणाला. "मी करतो नंतर."

"नंतर कधी? वारा नेईल तुम्हाला, मग तुमच्या बायकोला मी काय सांगू?"

"लोक बघताहेत, वहिनी."

"मला डोळे नाहीत का? बघू देत. आत या. मी घरात आहे तोवर या."

इव्होनने फाटक उघडलं. बाळाला पाठीवर घेतलेलं तसंच, तिने पुढे होऊन गाडीचा एक दांडा धरला, आणि जानुआरियो आत आला, पाऊल असं टाकत की जमीन तापलेली असावी. शिडी त्याच्या वजनाने करकरली. वर आल्यावर त्याने माझ्याकडे नजर वर करून बघितलं नाही. मी चुरा झाडत होते तिथे बसला आणि नुसतं म्हणाला, "कडेला लावायची असतात." मी म्हटलं, "माहीत आहे मला. कुणाची बायको होते मी?" तो हसला. अन्सेल्मोसारखा नाही, त्याचं त्याचं हसू, जरा लाजरं. मग फेलिझार्दो खालून पोती वर द्यायला लागला, मी मधून घेऊन पुढे सरकवायचे, तो तारेने जोडून उतारावर टाकायचा. कोंबडे आता वर तोंड करून होते, मुद्दाम नाही, घाईत, पण मीही उलटे केले नाहीत. मी त्याला म्हटलं, "भाऊजी, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. मला ते माहीत नव्हते." तो तार पिळत राहिला. म्हणाला, "तो दुसरा खिळा सैल आहे, हातोडी द्या." त्याला एवढंच बोलता येत होतं आणि मला तेवढं पुरलं.

त्या वादळात मुन्हावातली निम्मी छपरं गेली. आम्ही सगळे शाळेच्या वर्गात होतो, बाळ जानुआरियोच्या बायकोच्या मांडीवर झोपलेलं. परत आलो तेव्हा अंगणात कंबरभर पाणी होतं, पिंपं तरंगत होती, आणि पत्रे जिथल्या तिथे होते. रोझारिया नंतर येऊन बघून गेली. काही बोलली नाही, कारण तोवर गल्लीत सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती, आणि ती मीच सांगितली होती, त्या दिवशी छपरावरून.

म्हणजे असं झालं. शेवटची पोती उरली होती, वारा चांगलाच घोंगावायला लागला होता, लोक शाळेकडे पळत होते, पण पर्पेतुआमावशी काही हलत नव्हत्या. दोन्ही हात तोंडाभोवती धरून त्यांनी आवाज दिला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"काय गं झुल्मिरा, घरधनी मिळाला म्हणायचा का मग?"

जानुआरियोचा हात तारेवरच थांबला. मान खाली गेली. गल्लीत पळणारे लोकसुद्धा थांबून वर बघायला लागले, वादळ राहिलं बाजूला.

"घरधनी कशाला, मावशी," मी वरून म्हटलं, तितक्याच मोठ्याने. "दीर आहे माझा."

आणि पुढचं पोतं त्याच्याकडे सरकवलं.